चादरीखालची लाल मोटारसायकल

चि. ओलिंतो यास,

एक हात तुझ्या डोक्यावर आणि दुसरा तुझ्या कानावर ठेवून आर्जियाताईचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? लेकीला, जावयाला आणि जुळ्या बाळांना माझे मुके. बेल्जियमात सगळं लोण्यात परततात म्हणे, तेव्हा पोट सांभाळ. इकडं सारं ठीक. वसंतात तू घराची किल्ली माझ्या हातात देऊन गेलास, तेव्हापासून रोज तुझ्याकडे फेरी मारते. जिरेनियम फुललेत, कॅनरी गातो, छत गळत नाही, आणि मोटारसायकल... जिरेनियम खरंच फार फुललेत. (हे पत्र फादर एर्सिलियो लिहितायत. मला अक्षर येत नाही. पण त्यांना मी सगळं आधी चर्चमधल्या कबुलीजबाबात सांगून टाकलंय, म्हणजे त्यांना बाहेर बोलायची सोय उरली नाही.) (मी फक्त लेखणी आहे. — फा. ए.)

तुझं कार्ड पोचलं. फादरांकडून मी ते दोनदा वाचून घेतलं. टीव्हीवर आपल्या मीर्कोची शर्यत बघून तू लिहिलंस, ‘ताई, तुझ्या नातवाचं मशीन हल्ली झकास वाजतं, अगदी माझ्या मशीनसारखं.’ ओलिंतो, तुझा कान लहानपणापासूनच तिखट.

आता नीट बसून वाच. या सुपरबाइकवाल्यांचा नियम असा, की दुकानात जे मशीन विकतात तेच शर्यतीत उतरवायचं, थोडं तासून-घासून. म्हणजे तुझं दुकानातलं आणि मीर्कोचं शर्यतीतलं, दोघी सख्ख्या बहिणी. (एका रविवारी दोन शर्यती, आणि मध्ये जेवायची सुट्टी. या खेळात एवढीच गोष्ट शहाण्या माणसानं ठरवलेली दिसते.) मीर्को इंग्लंडात पडला. लागलं काही नाही, फक्त क्लचची लिव्हर मोडली. त्याचा मालक वाल्तेर म्हणजे तो फरशांचा कारखानदार. त्याच्याकडे फरशा ढीगभर, पण सुट्टे भाग नाहीत. तो माझ्या स्वयंपाकघरात डोकं धरून बसला. म्हणाला, “आर्जियाकाकू, अशी लिव्हर आता आणायची कुठून?” मी काय, कॅनरीला दाणे घालायला निघालेच होते. म्हटलं, “चल माझ्याबरोबर.”

तर एक लिव्हर. मग जर्मनीत मीर्को पुन्हा पडला. (पोरगं वळणावर गुडघा टेकवायला जातं आणि उरलेलं अंगही टेकवून येतं.) तेव्हा पुढच्या चाकाचा फोर्क गेला. मग हॉलंडच्या पावसात मागचं चाक. मग ब्रनोला इंजिनातून असा पांढरा धूर निघाला, की मला वाटलं रोमला नवा पोप निवडला. (हे मी लिहिणार नव्हतो. — फा. ए.) त्याच आठवड्यात तुझं इंजिन गेलं. पण आकांडतांडव करण्याआधी हे ऐक, की तुझा दिवा, हॉर्न, नंबरप्लेट आणि बाजूचा स्टँड जिथल्या तिथं आहेत. शर्यतीत त्यांचं काही काम नसतं. त्यांच्यावर ओरखडासुद्धा नाही.

बैठकीतली मशीनवरची चादरही तुझ्या हातची घडी न मोडता तशीच आहे. आत मी इस्त्रीचं टेबल, दोन मोठ्या वाइनच्या बरण्या आणि मागच्या चाकाच्या जागी चाळण ठेवलीय. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही. जवळूनही कळला नाही. तुझा बारमधला दोस्त तोन्यात्सो आला, टोपी काढून चादरीवर थोपटलं, तर आत डुचमळलं. “टाकी भरून गेला वाटतं ओलिंतो!” म्हणाला. मी म्हटलं, “काठोकाठ.” मग घाईघाईनं त्याला दारापर्यंत पोचवला, कारण वास वाइनचाच येत होता.

रागावला असशील. रागव. पण तू निवृत्त झाल्यावर ते मशीन घेतलंस आणि बैठकीत उभं केलंस. किती वेळा म्हटलं, अरे, चर्चपर्यंत तरी ने. तू म्हणायचास, “ताई, धूळ बसेल.” आता त्याच्यावर पाच देशांची धूळ बसलीय. आणि तुझं इंजिन बसवल्यापासून मीर्को एकदाही पडलेला नाही! चौदावा होता, तो आज दहावा आहे. अकरावा एक फिनलंडचा पोरगा, एका गुणानं मागं, तोंडानं अगदी गरीब, पण मला त्याचा भरवसा वाटत नाही. वाल्तेरनं सरळ सांगितलंय, “दहांत राहिला तर पुढच्या वर्षी मशीन, नाहीतर कारखान्यात फरशा.” मीर्को दोन दिवस जेवला नाही. माझ्या घरात, ओलिंतो, न जेवता! येत्या दुसऱ्या रविवारी इमोलाला शेवटच्या दोन शर्यती आहेत.

आता थांबते. फादरांचा हात दुखतोय म्हणे. तब्येतीला जप.

तुझी ताई,
आर्जिया

ता. क. एक बारीकसं काम राहिलं. गेल्या सरावात एका दुसऱ्यानंच मागून धडकून मीर्कोची टाकी चेपली, म्हणून तुझी बसवली. नवी मागवली तर महिना जाईल. पण तुझ्या टाकीच्या झाकणाला कुलूप आहे, आणि ती किल्ली तुझ्या घड्याळाच्या साखळीला, बेल्जियमात. वाल्तेर ड्रिल घेऊन आला होता. मी टाकीवरच बसले. म्हटलं, “खबरदार! माझ्या भावाच्या वस्तूला भोक पाडायचं नाही!” तेव्हा किल्ली हवी.

आणखी ता. क. पोस्टानं पाठवू नकोस. घेऊन ये. दोन शर्यतींच्या मधल्या जेवणाला मी तालियातेल्ले पास्ता करतेय. झाकण तूच उघड, पेट्रोल तूच घाल. मग बघू तुझे हात धुळीचा किती विचार करतात ते.

लेखनिकाची ता. क. सिन्योर ओलिंतो, आर्जियाबाईंना वाटतं, तुमचे दोन्ही आरसे शर्यतीला गेले. शर्यतीच्या मशीनला आरसे नसतात. ते माझ्या स्कूटरवर आहेत. येताना एक छोटा पाना आणावा. डावा फार हलतो, आणि इमोलाच्या रस्त्यावर आर्जियाबाई माझ्या मागे बसणार आहेत. — फा. ए.