इन थिअरी, चलात

बाबा, आज नववीच्या वर्गात 'इन थिअरी' शिकवलं. तुमचंच वाक्य फळ्यावर लिहिलं: इन थिअरी, कुडाळची एसटी साडेसहाला सुटते. पोरं खो खो हसली. अर्थही तुमचाच सांगितला. नियमाने खरं, प्रत्यक्षात देव जाणे. आणि हे दोन शब्द आले की मागून 'पण' येतोच, वाट बघा. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, म्हणजे नाही म्हणायची सभ्य रीत." मी तिला खाली बसवलं. बसवायला नको होतं.

तुम्ही गावातले नावाजलेले इंग्रजीचे मास्तर. पण चतुर्थीला गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे घरादाराच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं, ते पुरुषानेच. तुम्ही दादाला शिकवायला घेतलंत. त्याच्या डोक्यात चार ओळी टिकतील तर शपथ! मी स्वयंपाकघराच्या दारामागून, हाताला मोदकांची उकड, पुढचा शब्द पुटपुटायची; तो तेच म्हणायचा, सगळे "व्हय म्हाराजा" करायचे आणि तुम्ही त्याची पाठ थोपटायचात. बारा वर्षांची असताना एकदा धीर करून विचारलं, "बाबा, चेडवान गाऱ्हाणा घातला तर चलात?" मुलीने घातलं तर चालेल का, एवढंच. तुम्ही पाहुण्यांकडे बघून डोळा मिचकावलात. "इन थिअरी, चलात!" काय हशा पिकला! आईसुद्धा हसली, तिला तर अर्थही कळला नव्हता. साधं 'नाही' म्हणाला असतात तर रडून मोकळी झाले असते. माझं हसं करायला तुम्हाला इंग्रजी लागलं, तो राग अजून जात नाही.

मग तुम्हाला अर्धांगवायू झाला. त्या चतुर्थीला दादाला मुंबईहून रजा मिळाली नाही. आरती झाली, माणसं हात जोडून उभी, गाऱ्हाणं घालणार कोण? खुर्चीतून तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि जड जिभेने म्हणालात, "तू घाल गो." तीस वर्षं उशिरा! सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "माका खंय येता?" शेजारच्या काकांनी कसंबसं उरकलं, आपल्या कुलदेवतेचं नावच राहिलं त्यात. तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोक म्हणाले, आजारपणात माणूस हळवा होतो. पुढची चतुर्थी तुम्ही पाहिली नाहीत.

हे पत्र टाकू तरी कुठे, वहीतच राहील. बाबा, येत होतं मला. शब्दन् शब्द येत होता. तुमचं पडलेलं तोंड एकदा बघायचं होतं.