बोटीवरची संकष्टी

वारजे, सोमवार

प्रिय यमुने,

सगळ्यात आधी आली सत्यशीला, आणि तीसुद्धा सांगितलेल्या वेळेच्या चांगली तासभर आधी. माझं न्हाणं व्हायचं होतं, केसांना तेल थापलेलं, अंगात स्वरालीनं पाठवलेला फुलाफुलांचा गाऊन, आणि ही दारात. वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणते, अगंबाई, बरी दिसतेस की, मला वाटलं अंथरुणाला खिळली असशील! मी म्हटलं, उद्या ये, तोवर खिळून घेते. मग उत्कर्षा आली आणि तिच्यामागोमाग अख्खं भजनी मंडळ, पेटीसकट. दाराशी चपलांचा एवढा ढीग झाला की दार लागेना. प्रत्येकीच्या हातात शहाळं. दीपमाला, म्हणजे दिवसभर माझ्यापाशी असते ती वाशीमकडची बाई, मला हळूच म्हणते, आजी, आता खाली गाडीच लावू शहाळ्याची. एकीनं तर पलंगावर बसून माझी मांडी दाबूनच बघितली, इथंच ना गं दांडा घातलाय? मी ओरडले तेव्हा तिला पटलं.

पण खरं सांगू, मी इतकी खुशीत होते की ओरडणंसुद्धा हसतच आलं. किती दिवसांनी घरात बायकांचा कालवा झाला. दोन भजनं म्हणून झाली, तिसऱ्याच्या मध्येच चहा आला आणि ते तसंच राहिलं. चहाबरोबर मी डिंकाचे लाडू काढले. कुणी केले गं, फार छान, म्हणून सगळ्या विचारायला लागल्या. मी म्हटलं, माझ्याकडे लाडू वॉचमन देतो. उत्कर्षा म्हणाली, आमच्या सोसायटीचा वॉचमन पार्किंगसुद्धा देत नाही. लाडवांचं तुला पुढं सांगते.

बेल वाजली की मी दाराकडे बघत होते. मंडळातल्या सगळ्या येऊन गेल्या गं, तू सोडून. माझा बेंगळुरूचा लेक अवधूत मला त्या परक्या देशातल्या इस्पितळातून घरी घेऊन आला त्याला आता तीन संकष्ट्या होऊन गेल्या. मी फोन करते तर तुझी निकिता उचलते आणि म्हणते, आई झोपल्यात. दुपारी झोपणाऱ्या बायकांना तू जन्मभर नावं ठेवलीस, आणि आता सकाळी अकरालाही झोपलेली असतेस? सुनेला खोटं बोलायला लावतेस, आणि ती बिचारी इतकं वाईट खोटं बोलते की मलाच तिची दया येते. म्हणून हे पत्र. मांजरी गावच्या शाळेतली माझी चौथी, तिचीही परीक्षा दिली की नाही ते आठवत नाही. तू बालवाडीची बाई. तांबडी पेन्सिल घेऊन बसू नकोस, नुसतं वाच.

आधी तब्येतीचं. घोडा मिळालाय मला, स्टीलचा, चार पायांचा. तो पुढं टाकायचा, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. व्यायाम शिकवायला एक पोरगी येते, भारी कडक, आजी आजी म्हणते आणि पाय असा वाकवते की डोळ्यांसमोर काजवे. पलंगावरून स्वयंपाकघरात जाते, तिथून गॅलरीत. परवा मी उभी राहून फोडणी दिली. दीपमाला मागे खुर्ची धरून उभी, जशी काही मी आगीतच उडी टाकणार. स्वराली रोज सकाळी मेलबर्नहून फोनवर दिसते. म्हणते आजी, आता विमानतळावर तुझी मांडी वाजणार. गोड आहे पोरगी. परवा तिनं भाकरी थापली आणि मला दाखवली. मी म्हटलं, बाळा, तू राहतेस त्याच देशाचा नकाशा काढलास. इतकी हसली, इतकी हसली. फोन ठेवल्यावर मी त्या काळ्या काचेकडे बघत बसले, तिच्यात माझंच तोंड दिसत होतं.

संध्याकाळी दीपमाला गेली की मग घर मोठं होतं. फ्रिज बोलतो तेवढाच. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली की माझे कान उभे राहतात, पण बहुतेक वेळा समोरच्यांचं पार्सल असतं. अवधूतचा काय दोष, रजा तरी किती काढणार? तो म्हणतो चल माझ्याकडे. तिथं जाऊन मी काय, त्याच्या गॅलरीतल्या कुंड्या मोजू?

बरं, सत्यशीलेचं राहिलंच. चहा पिऊन झाला आणि सगळ्यांसमोर ती म्हणाली, पण बोटीवर संकष्टीचे उद्योग कशाला करायचे म्हणते मी, यमुनेनं तुला त्या गच्चीवर नेलं नसतं तर हे झालंच नसतं. सगळ्या आपापल्या रिकाम्या कपात बघायला लागल्या. यमुने, मला कळलं की हे ती पहिल्यांदा बोलत नाहीये. तुझ्यासमोरही बोलली असणार, देवळात, मंडळात, कुठंतरी. मी म्हटलं, सत्यशीला, मी काय शेळी आहे दावं धरून न्यायला? आणि तुला गं काय माहिती, तू तर तेव्हा खाली तिसऱ्यांदा आइस्क्रीम आणायला गेली होतीस. त्यावर सगळ्या हसल्या, तीही हसली, विषय गेला. पण माझ्या मनातून गेला नाही.

मंडळाच्या त्या बोटीच्या सहलीतलं, त्या दिवशीचं मला सगळं लख्ख आठवतं. सकाळपासून तुझा उपास, आणि माझं नेहमीचं, उपास तुझा आणि जेवण माझं. त्या बोटीवरच्या हॉलमध्ये डोंगरासारखे पदार्थ मांडलेले, आणि तू दोन राजगिऱ्याचे लाडू आणि केळं घेऊन बसलेली. मी तुझ्यासमोर बसून सगळं चाखलं, जरासुद्धा लाज वाटली नाही. संध्याकाळी तू खोलीत पितळेचा तेवढा गणपती मांडलास, दिवा लावू देत नाहीत म्हणून हळहळलीस. मग पर्समधून कॅलेंडरचं फाडून आणलेलं पान काढलंस आणि म्हणालीस, चल, चंद्रोदयाची वेळ झाली. आपण दोघी वर गेलो. आणि तिथं चंद्रच नाही! तू पान बघतेस, घड्याळ बघतेस, आकाशाकडे बघतेस. म्हणालीस, असं कसं होईल, छापलंय इथं. अगं, छापलं होतं ते पुण्याचं! त्या समुद्रावर पुण्याचा चंद्र कसा उगवायचा? हे आपल्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही. मला तर आता आठवलं तरी हसू येतं. तू म्हणालीस ढग असतील, मी म्हटलं अजून एक मजला वर जाऊ, तिथून दिसेल. पायऱ्या नुकत्याच धुतलेल्या. पुढचं तुला माहीत आहे.

तुला माहीत नाही ते सांगते. मी पडले, तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसलीस आणि रडायला लागलीस. ती पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, मला पट्ट्यांनी फळीला बांधलं. तुझं तोंड खाली माझ्याकडे, आणि माझं तोंड वर. आणि यमुने, तेव्हा तो आला. पाण्यातून वर, चांगला तांबूस, कडेला थोडा खाल्ल्यासारखा. मी तुला सांगायला गेले, पण तोंडातून नुसतं कण्हणं बाहेर पडलं. तुला वाटलं मी तुला काही बोलतेय. मी म्हणत होते, मागे बघ, चंद्र.

मग त्या बंदरात मला उतरवलं. तू माझ्याबरोबर राहते म्हणत होतीस, टूरवाला कागद दाखवत होता, बोट थांबणार नव्हती, आणि मीच तुला म्हटलं, जा तू, अवधूत येतोच आहे. हे मी म्हटलं होतं, लक्षात ठेव. आता अवधूतचा पासपोर्ट संपलेला निघेल हे कुणाला माहीत? तो नवा होऊन माणूस येईपर्यंत जे दिवस गेले ते गेले. ते सोपे होते असं मी तुला सांगणार नाही. आपल्यात कधी गोड गोड बोलायची पद्धत नव्हती. ऑपरेशन झालं, डॉक्टर चांगले, नर्स चांगल्या, जेवण पांढरं. दुखतंय हे न बोलता सांगता येतं, पण पाठीला खाज सुटली तर काय सांगायचं? तू असतीस तर दोन शब्द इंग्रजीत टाकले असतेस आणि पाठ खाजवून घेतली असती. मी नर्सशी मराठीत बोलायची. ती तिच्या भाषेत बोलायची. दोघी माना हलवायचो. एकदा मी तिला आपल्या मंडळाचा सगळा इतिहास सांगितला, सत्यशीलेच्या आइस्क्रीमसकट, आणि ती माझे केस विंचरत होती. त्या दिवशी मला रडू आलं ते थांबेना. एरवी मी घट्ट होते.

खिडकीतून बंदर दिसायचं. तुमची बोट सुटली ती मी बघितली. आपल्या वारज्यातली अख्खी सोसायटी दिवे लावून पाण्यात सोडावी तशी दिसत होती. तू म्हणाली होतीस, मी पिवळी साडी नेसून कठड्याशी उभी राहीन. मला काही पिवळं दिसलं नाही, फार लांब होतं. पण मी हात हलवला. नर्सला वाटलं मी तिला बोलावतेय, तिनं पाणी आणून दिलं.

तू कठड्याशी होतीस ना? तुला विचारायचं होतं, म्हणून सांगितलं. बोल लावायला नाही.

आता लाडवांचं. घरी आल्यापासून दर आठवड्याला खाली कचरू वॉचमनकडे कुणीतरी डबा ठेवून जातं. चारशे दोनला द्या, एवढंच सांगायचं आणि निघायचं. कचरू म्हणतो, एक आजीबाई येतात, रिक्षा थांबवून ठेवतात, वर चौथ्या मजल्याकडे बघतात आणि जातात. मी म्हटलं, वर का नाही पाठवलंस? तो म्हणतो, आजी, मी म्हटलं लिफ्ट चालू आहे, तर म्हणाल्या लिफ्टचा प्रश्न नाही. यमुने, डबा बदललास, झाकणावरचं नाव घासून काढलंस, सगळं केलंस. पण खोबरं घातलं नाहीस. डिंकाच्या लाडवात खोबरं न घालणारी बाई पुण्यात मी तरी दुसरी पाहिली नाही, आणि खोबऱ्यानं मला ठसका लागतो हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? माझा अवधूतसुद्धा परवा नारळाची बर्फी घेऊन आला होता. पहिला लाडू तोंडात घातला तेव्हाच मला कळलं. मी गप्प बसले, म्हटलं येईल आपणहून, आज नाही तर पुढच्या आठवड्यात. पण काल मी निकिताला धारेवर धरलं आणि तिनं सांगून टाकलं. आई संकष्टी करत नाहीत आता. बोटीवरून आल्यापासून एकही नाही. गणपती कपाटात ठेवून दिलाय.

म्हणून लिहायला बसले. तुझ्या पेठेत सगळीकडे इमारती, चंद्र गच्चीवर गेल्याशिवाय दिसत नाही, म्हणून मी वारज्याला राहायला आल्यापासून दर संकष्टीला तू माझ्या गॅलरीत येतेस. तू अर्घ्य द्यायचीस, मी आत पानं वाढायची. मागच्या तिन्ही संकष्ट्यांना मी घोडा घेऊन गॅलरीत एकटी उभी राहिले. चंद्र आला तसा आला. मला काय त्याचं, मी उपास करत नाही. पण तुझा त्या दिवशीचा उपास अजून सुटलेला नाही, याचा विचार केलास का? चंद्र मी बघितला, तू नाही. तू उपाशीच राहिलीस आणि मी इथं तुझे लाडू खाते, हे काही बरोबर दिसत नाही. येत्या गुरुवारी संकष्टी आहे. गणपती कपाटातून काढ आणि घेऊन ये. रिक्षा सोडून दे, खाली थांबवून ठेवू नकोस. बेल वाजवलीस की जरा थांब, कारण दीपमालेला मी लवकर घरी पाठवणार आहे आणि दार मीच उघडणार आहे, मला वेळ लागतो. हे पत्र तुझ्याच डब्यात घालून कचरूकडे देते, गुरुवारच्या आत तू नवा डबा ठेवायला येशीलच, तेव्हा तो देईल. सोबत डब्यात साखर घातली आहे, तुला खव्याच्या मोदकाला लागेल. सत्यशीला, उत्कर्षा आणि बाकीच्या रविवारी परत यायचं कबूल करून गेल्यात, तिसरं भजन पुरं करायला. गुरुवारी येतो म्हणत होत्या. गुरुवार मी कुणाला दिलेला नाही.

तुझीच, वाट बघणारी,
आनंदी