डार्लाच्या नावाचं वॉरंट

रविवार, २ मार्च

फर्नचं तोंड एकदा शिवून टाकायला हवं. चर्चच्या जेवणात, सगळ्यांच्या देखत, बटाट्याचं सॅलड वाढून घेता घेता म्हणते कशी — "वेंडलच्या मातीलाही आली नाही तुझी लेक. माझा सख्खा भाऊ तो! बापाला शेवटचं बघावंसं नाही वाटलं तिला?"

नणंद आहे म्हणून ऐकून घ्यायचं? नाही घेतलं. म्हटलं, "आली असती तर थडग्यापाशीच बेड्या पडल्या असत्या तिच्या हातात. वॉरंट आहे तिच्या नावावर, ठाऊक आहे ना तुला?"

"मग तसली कामं करू नयेत."

तसली कामं! काय केलं होतं डार्लाने? लायसन बंद झालेलं असताना गाडी चालवली. तीही कामावर जायला. कोर्टाची तारीख पडली, आणि नेमका त्याच दिवशी ओढ्याला पूर! फरशी पुलावर छातीभर पाणी. आमच्या बाजूचं माणूस सोडा, कुत्रंही पलीकडे गेलं नाही. आणि न्यायाधीशाने काय केलं, तर ती हजर नाही म्हणून तिला पकडायचं वॉरंट काढलं. त्याला दहा वर्षं झाली. पोरगी राज्याची हद्द ओलांडून तुल्सा शहरात गेली ती गेलीच. कधीही 'ये' म्हणा, उत्तर एकच — "मॉम, वॉरंट आहे गं."

वेंडलला जाऊन दोन महिने होतील. या घरात आता मी आणि कोंबड्या. हे वॉरंट काढून टाकल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही मी. बास!

मंगळवार, ४ मार्च

शाळेत मुलांसाठी रांधते तिथूनच, भांड्यांच्या खडखडाटात, शेरीफच्या ऑफिसला, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या पोलिसांना, फोन केला. विचारलं, क्वेल काउंटीत एखाद्याच्या नावावर वॉरंट आहे का हे कसं कळतं?

"फोनवर सांगत नाही आम्ही. ज्याचं असेल त्याने स्वतः यावं."

"तो आला तर काय होईल?"

"वॉरंट असेल तर आत जाईल."

म्हणजे विचारायला या आणि कोठडीत बसा! काउंटीच्या वेबसाइटवर वॉरंटबद्दल अक्षर नाही. भोपळ्यांच्या जत्रेचे फोटो आहेत मात्र. भरपूर.

गुरुवार, ६ मार्च

शेरीफच्या ऑफिसात स्वतः गेले. मला कशाला पकडतील? माझ्या नावावर काही नाही.

काचेमागे ट्विला. शाळेत माझ्याच बाकावर बसायची, आता चर्चमध्ये माझ्याच रांगेत गाते. मला बघून आधी हसली. डार्लाचं नाव काढल्यावर हसू गेलं.

"नेल्डा, मला सांगता येत नाही गं."

"ट्विला, तुझ्या पोराच्या लग्नाचे सगळे केक मी भाजले होते."

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि यंत्रात नाव घातलं. "आहे. चालू आहे अजून."

"दहा वर्षांनी?"

"वॉरंटं शिळी नाही होत. तुल्साहून तिला आणायला कुणी जाणार नाही. पण इकडे आली, गाडीचा मागचा दिवा गेलेला दिसला, कुणी थांबवलं, की खेळ खलास. शुक्रवारी सापडली तर निदान सोमवारपर्यंत आत. न्यायाधीश येतील तेव्हा सुटका."

"पूर होता त्या दिवशी! तूच तर शाळेच्या जिममध्ये आम्हाला ब्लँकेटं वाटत होतीस!"

"मला आठवतंय. यंत्राला नाही ना आठवत."

काचेवर थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही.

शुक्रवार, ७ मार्च

दिवसभर संताप. बिस्किटं करपली. मुलांनी खाल्ली बिचाऱ्यांनी.

सोमवार, १० मार्च

राज्याचं एक ऑफिस आहे, गरिबांना फुकट वकील देतं. त्यांना फोन केला. तिथली बाई गोड बोलणारी. "तुमच्या मुलीला अटक झाली आहे का?"

"नाही. तीच तर होऊ नये म्हणून—"

"मग अजून आम्हाला काही करता येत नाही. अटक झाली की लगेच फोन करा हं!"

लगेच! बुडाला की पोहायला शिकवणार!

मग कोर्टाच्या ऑफिसात गेले. शेरीफच्या दारासमोरच ते, मध्ये फक्त हिरवळ आणि जुनी तोफ. कारकून गॅरेट, कोवळा आहे, मिशी अजून नीट फुटलेली नाही. "मॅम, तेव्हाच्या फायली तळघरात आहेत. उंदरांनी सोडल्या असतील तर सापडतील. शोधतो मी." त्याच्यावर ओरडायचं ठरवून गेले होते. पण ज्या माणसाने एवढं तरी कबूल केलं त्याच्यावर ओरडायचं कसं?

मंगळवार, ११ मार्च

डार्लाला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सोड ना मॉम. कशाला त्यांच्या नादी लागतेस?"

"कशाला म्हणजे? तुला घरी यायचं नाही का?"

"ऑफिसात आहे मी. नंतर बोलू."

पोरीचा धीरच सुटलाय. दहा वर्षं कुणी मानेवर असं जोखड ठेवलं तर सुटणारच! वेंडल होता तेव्हा तर तिचा फोन आला की तो उठून गोठ्यात जायचा. मला वाटायचं, पोरीचे हाल त्याला ऐकवत नाहीत.

सोमवार, १७ मार्च

पेन कागदात रुततंय. रागाने!

गॅरेटचा फोन आला. "मॅम, येऊन जा." गेले. त्याच्या बाहीला कोळ्याची जाळी. फाइल पुढे सरकवली आणि बोटाने ओळ दाखवली. म्हातारे न्यायाधीश, जे पुढे वारले, त्यांनी पूर ओसरल्यावर त्याच आठवड्यात लिहून ठेवलं होतं — त्या दिवशी जे जे हजर नव्हते, त्यांची सगळी वॉरंटं रद्द. रस्ता पाण्याखाली होता. नवीन तारीख द्यावी. आणि पुढे तो खटलाही काढून टाकलेला!

रद्द! तेव्हाच!

म्हणजे वॉरंट नव्हतंच. माझी पोर दहा वर्षं नसलेल्या वॉरंटाला घाबरून राहिली. बापाच्या मातीला मुकली.

तशीच हिरवळ ओलांडून ट्विलाकडे. ती म्हणते, "कोर्टाकडून आम्हाला आलं तरच मी काढू शकते." परत गॅरेटकडे. तो म्हणतो, "आमच्याकडून तेव्हाच गेलंय." परत ट्विला. "इथे नाही आलं." या दारातून त्या दारातला माणूस जेवताना दिसतो! मग तोफेपाशी उभी राहिले आणि घसा फोडून ओरडले, "एकमेकांना हाक मारायला काय होतं रे तुम्हाला?" वरच्या खिडक्या उघडल्या. उघडू देत.

गॅरेट पळत बाहेर आला. "मॅम, न्यायाधीशबाई पुढच्या बुधवारी येतायत. तिथे बोला. पण असं नका ओरडू."

शनिवार, २२ मार्च

फर्नला सांगितलं. ती म्हणाली, "काहीतरीच! असं कसं होईल?" मग म्हणाली, "बुधवारी मी येते तुझ्याबरोबर." फर्न!

बुधवार, २६ मार्च

झालं.

कोर्ट भरलेलं. आमचं नाव यादीत नव्हतंच. दोघी पहिल्या बाकावर बसलो. फर्न चर्चची टोपी घालून आली होती. कामं संपत आली तसा न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, आणि मी उभी राहिले. शिपाई धावला.

"तुम्ही कोण?" बाई म्हणाल्या.

"आई."

"कुणाची?"

"तुमच्या कोर्टाने सोडून दिलेल्या आणि शेरीफने न सोडलेल्या मुलीची."

कुणीतरी हसलं. बाई नाही हसल्या. गॅरेटने फाइल वर नेली. त्यांनी वाचली. परत वाचली. मग शेरीफच्या माणसाला विचारलं, "हे तुमच्या यंत्रात अजून चालू आहे?"

"दिसतंय तसं, मॅडम. हे एखादं चुकून राहिलं असेल."

तेवढ्यात मागून आवाज आला. "एखादं नाही!" एल्विन टार्प उभा होता, पुलाच्या आमच्या बाजूला गाई पाळतो तो. दुसऱ्याच कामाला आला होता. "मलाही त्याच पुराच्या वॉरंटावर उचललं, गेल्या हिवाळ्यात. शनिवार-रविवार आत ठेवलं. मी ओरडून सांगत होतो, घरी गाय अडलीय. सोमवारी सोडलं. म्हणाले, तुझं काही नाहीये, जा. गेलो. गाय मेलेली, वासरू अर्धं बाहेर."

मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

न्यायाधीशबाईंचा आवाज अगदी खाली गेला. "त्या दिवसाची जेवढी नावं या फाइलीत आहेत तेवढी सगळी काढा. आत्ता. मी इथेच बसलेय. काढून झालं की मला येऊन सांगा."

आणि खरंच बसून राहिल्या! लोकही बसून राहिले. शेवटी ट्विला स्वतः हिरवळ ओलांडून आली. "काढली सगळी, युअर ऑनर." डोळे लाल. बाहेर येऊन माझा दंड धरला. "नेल्डा, देवाशपथ, मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"तू तरी कुठे विचारलंस!" फर्न म्हणाली. मी नाही, फर्न!

घरी येऊन डार्लाला फोन केला, लागला नाही. उद्या करेन. आधी तिची खोली झाडली. चादरी बदलल्या.

गुरुवार, २७ मार्च

डार्लाशी बोलले. फाइल, तोफ, एल्विनची गाय, सगळं सांगितलं. म्हटलं, "दहा वर्षं, डार्ला! रद्द झालेलं वॉरंट! सोडणार नाही मी यांना."

ती म्हणाली, "मला माहीत होतं, मॉम. पूर ओसरल्यावर मी कोर्टाला फोन केला होता. तेव्हाच सांगितलं त्यांनी, रद्द झालंय म्हणून."

मला कळेचना. "मग आम्हाला—"

"वॉरंट म्हटलं की तुम्ही दोघं पुढे काही विचारत नव्हतात."

मी विचारलं, "मग का आली नाहीस?"

ती रडायला लागली. मग बोलायला लागली. डॅडींपासून सुरुवात केली — "ते त्या घरात होते, म्हणून नाही आले." मी खुर्ची ओढून बसले.