जस्ताच्या टबातली बाई

४ मार्च १८९७, पॅरिस

ऑक्ताव्हच्या नव्या चित्रातली बाई मी नाही! टब आमचा, जस्ताचा. निळ्या काठाचा पंचा आमचा. भिंतीवरचा फुलांचा कागदही आमच्याच न्हाणीघरातला. पण बाई उघडी — पाठमोरी, साफ उघडी! मी मठाच्या शाळेत वाढलेली. आंघोळ अंगात झगा ठेवूनच करायची, आणि दाराला कडी. ऑक्ताव्हशी लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यानंही मला न्हाताना पाहिलेलं नाही. मग ही पाठ कुणाची?

५ मार्च

विचारलं. म्हणे, "मी समोर बघून रंगवत नाही, मनातून रंगवतो." मनातून! मनाला कमरेवरची खळी कुठून दिसली?

९ मार्च

भांडी घासायला येणाऱ्या मादाम प्रुव्होला कॉफी पाजून बोलतं केलं. "तुम्ही गुरुवारी आईकडे जाता ना, तेव्हा टोप्यांच्या दुकानातली झेली येते. जाऊ दे, मी कशाला चुगली करू?" — करून झाली!

टबाच्या काठाला झेलीचा तांबडा केस सापडतो का पाहिलं. एकही नाही. टब इतका लख्ख पुसून ठेवायला याला कुणी शिकवलं? मी तर नाही.

११ मार्च, गुरुवार

आईकडे म्हणून निघाले आणि कोपऱ्यावरून परत फिरले. झेलीला जिन्यातच गाठलं. झिंज्याच उपटणार होते. पण तीच कावलेली!

"मादाम, तुम्हीच बसा एकदा त्या टबात आणि सोडवा मला! सारखं आपलं — 'कोपर वर, माझी बायको असं धरते. मान खाली, माझी बायको अशी वाकते.' मी म्हटलं, पाहिलंय का कधी? तर म्हणतात, 'नाही. दाराबाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकतो.'"

मी पायरीवरच बसले. नऊ वर्षं हा दाराबाहेर बसतो! लाज वाटली. आणि — लिहूनच टाकते — फार बरंही वाटलं.

१२ मार्च

की दोघांनी मिळून रचलेलं? सूप खारट झालं होतं. त्यानं मुकाट्यानं संपवलं. एरवी कुरकुर करतो.

१३ मार्च

आज झगा काढला. कडी लावली नाही. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खरं बोलली होती पोरगी! मी हाक मारली — "ऑक्ताव्ह, दार उघडंच आहे. आत ये."

तो बाहेरूनच अगदी हळू आवाजात म्हणाला, "बोलू नकोस. नुसतं पाणी ओत."

मी उठून कडी लावली.