फाटका आवाज

१२ फेब्रुवारी

प्रिय दादास,
चिमणीचा नमस्कार.

आम्ही सगळे मजेत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण त्याहून जास्त आई कुरकुरते, तेव्हा काळजी नसावी. पत्र लिहिण्यास कारण की, बँडचा विषय निघाला की तू फोन वहिनीच्या हातात देतोस. पत्रात निदान मला शेवटपर्यंत बोलता येईल.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या मैदानावर आपला कार्यक्रम होता. सगळी नवी गाणी, म्हणजे मागे कॉम्प्युटरमधून व्हायोलिनं, घंटा, वाऱ्याचे आवाज. दुसऱ्याच गाण्याला कॉम्प्युटरने मान टाकली. व्हायोलिनं गेली, वारा पडला. आमचा गोड गळ्याचा गायक माझ्याकडे बघायला लागला. मी ड्रमवाली, मी कुणाकडे बघणार? तेवढ्यात गिटारवाल्या ठिणगीने आपलं पहिलंवहिलं गाणं सुरू केलं, ‘गंज’. तू लिहिलेलं, तूच गायचास ते. मग मीही ड्रम अक्षरशः बडवले. बेसवरचे आपले दातांचे डॉक्टर तर चष्मा खिशात घालून वाजवत होते. मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेली पोरं उठून कठड्याला भिडली.

दादा, किती वर्षांनी माझ्या तळहाताला फोड आले! येताना गाडीत सगळे नुसते वेड्यासारखे हसत होतो.

मग ठरवलं, कॉम्प्युटर बंद. पूर्वीसारखं बाबांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये, भुसा झाडून, सगळ्यांनी एकत्र वाजवायचं आणि तसंच रेकॉर्ड करायचं. चूक झाली तर राहू दे. बाबा रंधा बाजूला ठेवून ऐकत होते. म्हणाले, “मधली काही वर्षं कानात बोळे घालावे लागत नव्हते. मला वाटलं, तुम्ही आजारी आहात की काय.”

गोड गळ्याच्या गायकाने स्वतःच सांगितलं, “ताई, हे माझ्या गळ्याचं काम नाही.” हसतखेळत गेला.

आता तू म्हणशील, मग गातं कोण? नाही म्हणणार, माहीत आहे मला. गळ्याच्या ऑपरेशननंतर घरात गाणं लागलं की तू उठून जायचास. म्हणून आम्ही गाणी लावणंच सोडलं, आणि तू दूरच्या गावी नोकरी धरलीस. त्यावर आपण कधी बोललोच नाही.

परवा बाबांच्या वाढदिवसाला तुझा फोन आला, तेव्हा आम्ही ‘गंज’ वाजवत होतो. मी फोन स्पीकरवर टाकला. तू ओरडलास, “अरे, पळताय कशाला? दमानं! दाबून वाजवा!” आणि नेहमीप्रमाणे फोन वहिनीकडे.

रेकॉर्डिंग चालू होतं, दादा.

नंतर ऐकलं तर तुझा तो घोगरा, फाटका आवाज, लाकडात करवत अडकावी तसा, गिटारच्या बरोबर मधोमध बसला होता. ठिणगी म्हणाला, “चिमणे, आणि आपण गायक शोधत गावभर फिरतोय!” डॉक्टर म्हणाले, “मी दातांचा, गळ्यातलं मला कळत नाही. पण अंगावर काटा आला.” बाबा एवढंच म्हणाले, “परत लाव.”

तुझा जुना आवाज आम्हाला नकोय. तो गेला, त्यासाठी रडून झालं. आता आहे तो हवाय. आधी तुझ्या डॉक्टरांना विचार. ते नको म्हणाले तर नुसता येऊन बस आणि आमच्यावर खेकस. पण ये.

माइक कुणालाही न देता वाट बघणारी,
तुझी चिमणी


२१ फेब्रुवारी

चिमणे,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस उशीखाली होतं. पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गळा तपासला, म्हणाले, “मधेमधे विश्रांती घ्या, पाणी पीत राहा, दुखलं तर थांबा. बाकी खुशाल गा.” मी चिडलोच. म्हटलं, “हे इतकी वर्षं का नाही सांगितलंत?” ते म्हणाले, “तुम्ही कधी विचारलंत?”

आज दार लावून ‘गंज’ची पहिली ओळ ओरडून पाहिली. शेजारच्या काकू हातातलं काम टाकून धावत आल्या. “काय झालं हो?”

“काही नाही काकू,” मी म्हटलं, “गातोय.”

बोललो आणि तिथेच दारात उभा राहून इतका हसलो की काकूही हसायला लागल्या. शनिवारी निघतोय.

गाणारा,
दादा