दुसरी पट्टी

३ मार्च

चि. सौ. धाकटीस, अ. उ. आ.

फोनच करणार होते, पण तुझा आवाज ऐकला की रडू फुटेल आणि सांगायचं ते राहून जाईल, म्हणून लिहिते. सूनबाई परवा माहेरी निघून गेली. माझ्यामुळे गेली. मुलगा माझ्याशी बोलत नाही, ताट उचलून खोलीत नेऊन जेवतो.

तिच्या भावाचं लग्न आठवड्यावर आलेलं. पार्लरवालीची सून वॅक्सिंगला दुसरीकडे गेली तर हसं माझंच होणार, म्हणून हट्टाने मीच तिला खुर्चीत बसवलं. तयारीत काही कसूर केली नाही गं. केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढू दिले, आदल्या दिवशी पाय हलक्या हाताने घासायला लावले, तेल-क्रीम लावू दिलं नाही. पावडर लावली आणि वॅक्स नेहमीसारखं आधी माझ्या मनगटावर लावून पाहिलं. बावीस वर्षं मी हेच करत आले. मला ते कोमट लागलं.

पट्टी ओढली आणि ती किंचाळली. मी लगेच थांबले, पण तोवर पोटरीची कातडी सोलून निघाली होती.

त्यात आदल्या दिवशीच आमचं वाजलं होतं. शेजारच्या शिंपीणबाईंच्या दंडावर मागच्या महिन्यात तुमच्या वॅक्सने फोड आला, आता हे काम आवरतं घ्या, असं ती म्हणाली होती. मी नको नको ते बोलले. आता तिला वाटतं, मी सूड उगवला. मुलालाही तेच वाटतं. तू दवाखान्यात रोज जखमा बांधतेस, सांग मी काय करू? डोकं चालेनासं झालंय.

तुझी अभागी ताई

८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि दोन घास खाऊन उठले. आधी जखमेचं सांगते. हळद, टूथपेस्ट, कोरफड, शेजारणींचे सल्ले, काही नको. साध्या पाण्याने धुवायची, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं, सैल सुती कपडा घालायचा, ऊन टाळायचं आणि फोड फोडायचा नाही. तिच्या आईला हे कळव. दवाखान्यात गेली नसेल तर आधी तिकडे पाठव.

आता तुझं. रागावू नकोस. दिवाणखान्यात तुझ्या पायातून चप्पल निसटली, तुला कळलंही नाही आणि तू तशीच एका चपलेने स्वयंपाकघरापर्यंत गेलीस, आठवतं? आम्ही सगळे हसलो होतो. मी नर्स असून हसले, याची मला आता लाज वाटते. मधुमेहाच्या गोळ्या तू मनाला येईल तेव्हा घेतेस. माझं ऐक, डोळे मिटून बस आणि कुणाला तरी तुझ्या मनगटाला गरम चमचा लावायला सांग. फार गरम नको हं, आधीच सांगते. मग ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला सांगायची गरज नाही. तुझी तिच्यावर माया आहेच, तिला आता गोळ्या-पथ्याचीही जोड दे.

तुझी धाकटी

१३ मार्च

चि. सौ. धाकटीस, अ. उ. आ.

शिंपीणबाईंना बोलावून घेतलं. मी डोळे मिटून वाट पाहत बसले आणि शेवटी विचारलं, कधी लावताय? त्या म्हणाल्या, केव्हाच लावून झाला. डॉक्टर म्हणतात साखरेने हाताची जाणीव गेली, पायांची तर आधीच गेली होती. तसं कागदावर लिहून दिलंय.

वॅक्सचा हीटर मी बंद करून टाकलाय. कागद वाचून मुलगा माझ्यासमोर बसून रडला. तो म्हणतो, हा कागद घेऊन आपण तिला आणायला जाऊ, सगळं मिटेल. तूही हेच म्हणशील. काल तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. मी तिला पत्र लिहिणार आहे. आमच्यासाठी देवाजवळ दोन शब्द बोल.

तुझी ताई

१४ मार्च

चि. सौ. सूनबाईस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी मनापासून आहेत.

भावाच्या लग्नात तू पाय झाकून एका जागी बसून होतीस, असं कळलं. नवी कातडी गुलाबी असेल, तिला महिनाभर ऊन लागू देऊ नकोस. खाजली तरी नख लावू नकोस. त्या पायावर पुन्हा वॅक्स कुणालाच लावू देऊ नकोस, डॉक्टर हो म्हणेपर्यंत.

सोबत माझ्या डॉक्टरांचा कागद आहे. माझ्या मनगटाला गरम-गार कळत नाही असं त्यात लिहिलंय आणि ते खरं आहे. तो वाचून तू मला माफ करशील, घरी येशील, सगळे म्हणतील बिचाऱ्या सासूचा काय दोष. म्हणूनच तो नुसता पाठवायला मन धजेना.

पहिली पट्टी ओढल्यावर तू किंचाळलीस. मी सगळ्यांना सांगितलं की लगेच थांबले. मी थांबले नाही. नाटकं पुरे म्हणाले आणि दुसरी ओढली. आदल्या दिवशीचा राग होता. मनगटाला कळत नव्हतं, पण कानाला ऐकू येत होतं. मुलाला हे आज सकाळी सांगितलं. तू हे कुणालाच सांगितलं नाहीस, हेही मला आज त्याच्याकडूनच कळलं.

ये असं म्हणत नाही. तुझा लोभ मागायचा हक्क मी घालवलाय.

तुझी सासू