पीठ मळायच्या टेबलाबाबत

मी, खाली सही करणार, धंद्याने बेकरीवाला, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नाही. पत्नी शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचते आहे, ते दडपण धरू नये. आत्मा देवाचाच आहे, तो त्याच्याकडे परत जाईल. बाकीची व्यवस्था अशी.

कलम एक. राहते घर, दुकान आणि भट्टी पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला. जावयाने भट्टीला हात लावू नये. माणूस देवभोळा आणि गुणी आहे, पण चहासुद्धा करपवतो.

कलम दोन. बँकेतल्या ठेवीतून चर्चचे छप्पर दुरुस्त करावे, कारण ते नेमके माझ्या बाकावर गळते. गायनमंडळाला काही देऊ नये. त्यांनी माझा आवाज ऐकून मला परत पाठवले. मी बाकावरून गातोच, आणि देवाने अजून तक्रार केलेली नाही.

कलम तीन. पीठ मळायचे मोठे टेबल. याला खुलासा लागेल. वकील म्हणतात लागत नाही, पण वकिलांना भाऊ नाही.

वडील गेल्यावर धाकट्या भावाने हे टेबल मागितले. मी दिले नाही. त्याने मागच्या गल्लीत स्वतःची भट्टी टाकली आणि आमचे बोलणे बंद झाले. पण चर्च एकच. प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत ताटातून सगळ्यांना वाटतात ती, भाकर एक महिना माझ्याकडची, एक महिना त्याच्याकडची. त्याच्या महिन्यात मी भजनाच्या पुस्तकात तोंड खुपसून ताट पुढे सरकवत असे. पाळकसाहेबांच्या ते ध्यानात आले. म्हणाले, "भाकर घेऊ नका, बरं. पण रोज गुडघे टेकता ना, तेव्हा त्याच्यासाठी मागा. वैऱ्यासाठी प्रार्थना करा, अशी प्रभूची आज्ञाच आहे."

आज्ञा म्हणजे आज्ञा. "प्रभू, त्याला एकदाचा सरळ कर," अशी मी सुरुवात केली. बरे वाटले. पण देवापुढे रोज तेच रडगाणे काय गाणार? काहीतरी नेमके मागावे म्हणून भावजयीकडे गुपचूप चौकशी करू लागलो. कळले, त्याचा गुडघा धरतो. मग गुडघ्यासाठी मागितले. कळले, त्याचा कारागीर सोडून गेला. मग कारागिरासाठी मागितले. एकदा त्याचे पीठ फुगलेच नाही, तर माझ्या घशाखाली घास उतरेना. ज्याचे पाव फुगावेत म्हणून सकाळी देवाची मनधरणी केली, त्याच्यावर दिवसभर चिडून राहणे अवघड जाते. मी मनापासून प्रयत्न केला, जमले नाही. शेवटी त्याच्या महिन्यातली भाकर घेतली. मीठ कमी होते. मला रडू आले.

सबब सदर टेबल धाकट्या भावास द्यावे.

कलम तीन रद्द. कारण असे. साक्षीदार म्हणून मी पाळकसाहेबांना आणि धीर करून धाकट्याला निरोप पाठवला. तो पिठाच्या हातांनीच आला. वकील म्हणाले, "ज्याला काही मिळणार, त्याला साक्ष देता येत नाही. टेबल की सही, ते ठरवा."

धाकट्याने कलम वाचले. गुडघ्याच्या ओळीपाशी येऊन थांबला. "म्हणजे आमच्या घरातली बातमी थेट देवापर्यंत जात होती तर!" मग बराच वेळ नाक पुसत राहिला. म्हणाला, "दादा, मेल्यावर कशाला देतोस? जिवंत आहेस तोवर एक बाजू उचल की."

आम्ही उचलले. दाराची चौकट काढावी लागली, ती जावयाने काढली आणि भिंतीचा तुकडाही काढला. टेबल धाकट्याच्या घरी पोचले असल्याने त्याची व्यवस्था लावण्याचा मला आता अधिकार नाही.

कलम चार. शेजारच्या न्हाव्याने माझी पाटी झाकणारा पडदा लावला, त्याबद्दलचा राग मी कोणाच्याही नावे करत नाही. त्याच्यासाठीही प्रार्थना सुरू झाली आहे, तेव्हा तो राग फार दिवस टिकेल असे वाटत नाही.

ठिकाण: दुकानामागची खोली, सध्या बिनदाराची.
दिनांक: रविवार, उपासनेनंतर.
सही: बेकरीवाला.

साक्षीदार:
१. पाळकसाहेब.
२. सख्खा धाकटा भाऊ, ज्याला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.